दाजीपूरचा सडा आणि मामंजींची जीप

पावसाळा लागला की आमच्या कोल्हापुरात सकाळच्या चहाबरोबर एकच चौकशी असते, "राधानगरीचे दरवाजे किती उघडले?" धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की ते आपले आपण उघडतात आणि उतरलं की मिटतात. पंचगंगेकाठच्या बायका त्या आकड्यावरून गव्हाचे डबे माळ्यावर चढवायचे की नाही ते ठरवतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरापासून तर नदीपासून लांब राहणाऱ्या आम्हीसुद्धा ते दरवाजे मोजायला लागलोय.

हेच धरण एप्रिल-मे महिन्यात पाहिलं तर ओळखू येत नाही. लक्ष्मी तलावाचं पाणी खाली गेलेलं असतं, काठाला तांबड्या मातीचे पट्टे दिसतात आणि सगळं कसं निवांत. शाहू महाराजांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे काम हाती घेतलं, गावाला आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं. पण धरण पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरची पन्नाशीची वर्षं उजाडली. धरणाशेजारून वर चढत जाणारा रस्ता दाजीपूरला जातो आणि तिथून फोंडा घाटाने कोकणात उतरतो. मला सांगायचं आहे ते या दाजीपूरबद्दल. आणि दाजीपूरबद्दल सांगायचं तर आमच्या जीपबद्दल सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

ही जीप मामंजींची. पुढचं नाक उंच असलेली जुनी महिंद्र, सीजे-थ्री-बी म्हणतात तिला. अमेरिकेत विलिस कंपनीने १९५३ साली हे मॉडेल काढलं. आतलं नवं इंजिन उंच होतं, म्हणून बॉनेट उंच करावं लागलं आणि गाडीला तो घोड्यासारखा चेहरा आला. तेच मॉडेल आपल्याकडे पुढे कित्येक वर्षं बनत राहिलं. पेट्रोल महाग झालं तसं लोकांनी या जीपांतली पेट्रोल इंजिनं काढून डिझेलची बसवली. आमच्या जीपमध्ये मात्र मूळचंच इंजिन आहे, चार सिलिंडरचं, २.२ लिटरचं. मामंजींची सगळी नोकरी धरणांच्या कामांवर गेली. निवृत्तीच्या आधी लिलावात त्यांनी ही जीप घेतली आणि तेव्हापासून ती आमच्या अंगणात आहे. दर पाच वर्षांनी पासिंग, कर, विमा. लिटरला आठ किलोमीटर. सासूबाई तिला "सवत" म्हणायच्या, त्यात काही चूक नव्हती.

मामंजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांनी स्वतः चालवणं सोडलं. यांची बँकेतली नोकरी, त्यातून जीप म्हटलं की कपाळाला आठ्या. मार्चमध्ये इचलकरंजीचे एक गृहस्थ जीप बघून गेले. किंमत बरी देत होते. हे इंजिन काढून डिझेलचं बसवायचा त्यांचा बेत होता. घरात दोन दिवस कोणी फारसं बोललं नाही. मग मामंजी म्हणाले, "द्यायची तर द्या. पण एकदा मला दाजीपूरच्या सड्यावर हिच्यातनं न्या. मग काय ते ठरवा."

आता गंमत अशी, की जीप चार किलोमीटर नीट जायला तयार नव्हती. सिग्नलला थांबली की बंद. चढावर धापा. सुरू करताना काळा धूर आणि पेट्रोलचा भपकारा. हे म्हणाले, "गेलं इंजिन." मामंजी म्हणाले, "इंजिनला काय धाड भरलीय? कार्बोरेटर आहे तो."

मैत्रिणींनो, कार्बोरेटर हा शब्द आपल्या मुलांना लवकरच कोशात शोधावा लागेल. २००० सालाच्या सुमारास नव्या मोटारींतून तो जायला लागला आणि २०२० च्या एप्रिलपासूनच्या नव्या नियमांनी बहुतेक दुचाक्यांतूनही गेला. त्याचं काम म्हणाल तर आपल्या पंपाच्या स्टोसारखं आहे. हवा आणि इंधन योग्य प्रमाणात मिसळून द्यायचं, बस्स. माझ्या आईकडे स्टो होता. निपलमध्ये कचरा बसला की ज्योत फुरफुरायची, मग पिन मारायची. पिन मारून मारून निपलचं भोक मोठं झालं की ज्योत पिवळी व्हायची आणि भांड्यांची बुडं काळी. जीपचा काळा धूर म्हणजे तीच पिवळी ज्योत: पेट्रोल जास्त, हवा कमी.

शाळेत माझे सकाळचेच तास असतात आणि परीक्षा झालेल्या होत्या. म्हणून मामंजींबरोबर उद्यमनगरात जाण्याचं काम माझ्याकडे आलं. कोल्हापूरला अंबाबाई, रंकाळा आणि तांबडा रस्सा यांच्यासाठी येणारे पाहुणे उद्यमनगर काही पाहत नाहीत, पण पाहावं असं ते ठिकाण आहे. एका बोळात लेथ, दुसऱ्यात ओतकाम, तिसऱ्यात नुसते गिअर कापणारे. हवेला गरम लोखंडाचा आणि कटिंग ऑइलचा वास. एखादा भाग बाजारात मिळत नाही असं म्हटलं की इथला माणूस तो हातात घेऊन उलटसुलट बघतो आणि म्हणतो, "परवा या."

आमच्या मिस्त्रींनी सुरुवातीला कार्बोरेटरला हातच लावला नाही. "वैनी, कार्बोरेटर म्हणून येणाऱ्या निम्म्या गाड्या पॉइंट नाहीतर प्लगच्या असत्यात," म्हणाले. त्यांनी चारही प्लग काढून ओळीने मांडले. हे मला फार आवडलं. प्लगचं टोक चहाच्या रंगाचं असलं तर मिश्रण ठीक; पांढरंफटक असलं तर पेट्रोल कमी पडतंय; काजळी धरली असली तर जास्त जातंय. आमचे चारही काजळ घातल्यासारखे! पॉइंट साफ केले, ठिणगी बघितली, ती चांगली निळी होती. मग वळले कार्बोरेटरकडे. गाडी कशीबशी सुरू ठेवून त्यांनी खालच्या झडपेच्या दांड्याभोवती इंजिन ऑइलचे दोन थेंब सोडले. अडखळणारं इंजिन क्षणभर सुरळीत चाललं. म्हणजे दांडा फिरून फिरून त्याचं भोक झिजलं होतं आणि तिथून चोरून हवा आत शिरत होती. गाडी थांबल्यावर बंद पडायची ती त्या हवेमुळे. ती बंद पडू नये म्हणून कोणी तरी पूर्वी पेट्रोलचा स्क्रू सैल करून ठेवला होता, शिवाय फ्लोटची सुई झिजून पेट्रोल वर चढत होतं. काळा धूर त्यातून.

फ्लोट म्हणजे काय ते मामंजींनी मला सांगितलं, तेही धरणाच्या भाषेत. कार्बोरेटरला एक छोटी वाटी असते. तीत पितळेचा पोकळ फ्लोट तरंगतो. पेट्रोल वाढलं की फ्लोट वर येतो आणि सुईने येणारी वाट बंद करतो, कमी झालं की उघडतो. "राधानगरीचे दरवाजे पाणी वाढलं की उघडतात, हा वाढलं की मिटतो. एवढाच फरक. माणूस लागत नाही दोन्हीकडे," ते म्हणाले. आयुष्यभर धरणं केलेला माणूस! त्यांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता.

आता प्रश्न आला कोणता कार्बोरेटर घ्यायचा. तीन वाटा होत्या. पहिली, बाजारात मिळणारा बिननावाचा नवा. दिसायला चकचकीत आणि सगळ्यांत सोपा. पण त्याची जेटं कुठल्या इंजिनसाठी पाडलीत ते विकणाऱ्यालाही सांगता येईना. दुसरी, ॲम्बेसेडरचा जुना कार्बोरेटर मध्ये पट्टी घालून बसवायचा. शेजारच्या गॅरेजवाल्याने तो हातात आणूनच दिला. पण जुन्या पेट्रोल ॲम्बेसेडरचं इंजिन दीड लिटरचं, आमचं २.२ चं. लहान गळ्याचा कार्बोरेटर सपाटीवर छान चालेल, चढावर इंजिनला श्वास पुरणार नाही. मग मोठ्या गाडीचा दोन गळ्यांचा बसवावा का, असं यांनी संध्याकाळी फोनवर सुचवलं. तेही नको. गळा गरजेपेक्षा मोठा झाला की सावकाश चालताना त्यातून हवा मंदावते, पेट्रोलचा नीट फवारा होत नाही, थेंब थेंब आत जातात. आणि जीपचं सगळं कामच मुळी सावकाश चालण्याचं, लो गिअरमध्ये दगडांवरून. शिवाय जंगलातल्या रस्त्याला गाडी तिरकी होते, वाटीतलं पेट्रोल एका कडेला जातं आणि फ्लोटचा अंदाज चुकतो. मूळचा कार्बोरेटर जीपसाठी निवडलेला असतो. दुसऱ्या गाडीचा घेताना कोणी हे बघत नाही.

म्हणून तिसरी वाट धरली: जुनाच कार्बोरेटर दुरुस्त करायचा. मिस्त्रींनी झिजलेलं भोक मोठं करून त्यात पितळी बुश ठोकला, नवा दांडा घातला. नवी सुई, नवं पॅकिंग, नवा डायफ्रॅम. फ्लोट गरम पाण्यात बुडवून बघितला. बुडबुडे आले असते तर त्याला भोक आहे असं समजायचं. जेटं पेट्रोलने धुऊन हवेच्या दाबाने साफ केली. माझ्या पर्समधली सुई मी पुढे केली नाही, कारण आईच्या स्टोचा अनुभव होता! मिस्त्रींनीही तेच सांगितलं: जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं आणि त्या भोकाचं माप केसाएवढं चुकलं तरी गाडी ते सांगते. सगळे मिळून साडेतीन हजार झाले. हे गप्पच होते.

एक गोष्ट मात्र आजच्या काळाची, ती मिस्त्रींनी आवर्जून सांगितली. पेट्रोलमध्ये आता इथेनॉल असतं. देशात ते प्रमाण २०२२ साली दहा टक्क्यांवर आणि २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचलं. नव्या गाड्या त्या हिशेबाने बनतात. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि डायफ्रॅम त्याने फुगतात, कडक होतात, चिरतात. टाकीतला जुना गंज आणि चिकटा सुटून जेटपर्यंत येतो. इथेनॉल पाणीही ओढून घेतं, म्हणून गाडी महिनोन्‌महिने टाकी भरून उभी ठेवायची नाही. आम्ही सगळे पाइप इथेनॉलला टिकणारे घातले आणि पंपाच्या आधी काचेचा फिल्टर बसवला. इथेनॉलात पेट्रोलपेक्षा ताकद कमी, त्यामुळे मिश्रण जरा फिकं पडतं. ते सांभाळायला मुख्य जेट एक नंबर मोठं.

शनिवारी पहाटे निघालो. मामंजी पुढे, मी आणि दोघी मुली मागे, हे चालवायला. सहा वाजता पुईखडीचा चढ जीप एका दमात चढली. हळदी, परिते मागे पडलं. दोन्हीकडे ऊस. तोडणी संपलेली होती, खोडव्याला पाणी पाजणं चाललं होतं. धाकटीने विचारलं, "आजोबा, आपली जीप म्हणजे ऊस पिते का?" मळीपासून, रसापासून इथेनॉल होतं हे तिला शाळेत सांगितलं असावं. मामंजी म्हणाले, "पाचवा हिस्सा पिते, बाळा."

दाजीपूर कोल्हापूरपासून सुमारे ८० किलोमीटर. राधानगरी अभयारण्य १९५८ सालचं, राज्यातलं सगळ्यांत जुनं. विस्तार ३५१ चौरस किलोमीटर, आणि २०१२ पासून जागतिक वारसा ठरलेल्या पश्चिम घाटात त्याचा समावेश आहे. खरं तर संस्थानच्या काळी ही शिकारीची राखीव जागा. गव्यांसाठी ते प्रसिद्ध. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं. आत स्वतःची गाडी नेता येईल की तिथल्याच जीपने जावं लागेल, ते नाक्यावर आधी विचारून घ्यावं. नियम बदलत असतात. वाटाड्या बरोबर घ्यावाच. प्लास्टिकच्या पिशव्या घरीच ठेवा. भाकरी, झुणका, खर्डा फडक्यात बांधून न्या आणि पाणी भरपूर. पाण्याचा उपयोग पुढे कळेल.

उगवाईच्या देवळात नारळ ठेवून आम्ही आत शिरलो. रस्ता म्हणजे तांबडी धूळ आणि जांभ्याचे धोंडे. डोक्यावर जांभूळ, अंजनी, हिरडा यांची सावली, इतकी दाट की मेच्या तोंडावरही गार वाटावं. मुलींनी करवंदांनी ओठ काळे करून घेतले. वाटाड्याने शेकरू दाखवलं: तांबूस पाठ, झुबकेदार शेपूट, एका झाडावरून दुसऱ्यावर अशी झेप की आपलाच श्वास अडकावा. यांनी पुढच्या चाकांचा गिअर टाकला, लो गिअर घातला, आणि जीप माणसाच्या चालीने गुरगुरत वर निघाली.

अकराच्या सुमाराला, सावली संपून उघडा चढ लागला तिथे, इंजिन दोनदा आचके देऊन बंद पडलं. मागे हँडब्रेकवर धरलेली गाडी, पुढे वळण, वर ऊन. मोबाइलला रेंज नाही. संध्याकाळच्या आत नाक्याबाहेर पडायचं असतं आणि मामंजींना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत, त्यांना इतकं अंतर उन्हात चालवणं शक्य नव्हतं. यांनी दोनदा स्टार्टर मारला आणि माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात इचलकरंजीचे गृहस्थ स्पष्ट दिसत होते.

मामंजी जागचे हलले नाहीत. "स्टार्टर नको मारू, बॅटरी उतरेल. चाकांना दगड लावा. सूनबाई, बॉनेट उघड." वाटाड्याने दगड लावले, मुलींना लांब झाडाखाली बसवलं. वाटाड्याला विडी विझवायला सांगितली. हे सांगायला संकोचू नका, गरम इंजिन आणि पेट्रोल एकत्र असताना भीड काय कामाची!

"पेट्रोलचा वास येतोय का?" नाही. म्हणजे ओव्हरफ्लो नव्हे. "वरचा एअर फिल्टर काढ. गळ्यात बघ आणि ॲक्सिलरेटरची दांडी हाताने ओढ. आत पिचकारी उडते?" उडेना. म्हणजे वाटी रिकामी. फिल्टरच्या काचेत बघितलं तर पेट्रोल स्वच्छ होतं, कचरा नव्हता. मग राहिलं काय? एसी पंप आणि त्याच्यापुढचा पाइप. पाइपला हात लावायला गेले आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता. मामंजी म्हणाले, "उकळलंय."

पेट्रोल लवकर उकळतं. चढावर सावकाश चालताना इंजिन तापतं, वारा लागत नाही, पाइपात पेट्रोलची वाफ धरते. पंप वाफ ढकलू शकत नाही. कढईतल्या तेलासारखं ते डोळ्यांना दिसत नाही, एवढंच. उपाय अगदी बायकी आहे: ओलं फडकं. भाकरी बांधलेलं फडकं सोडलं, पाण्यात बुडवून पंपावर आणि पाइपावर गुंडाळलं. पाणी पेट्रोलच्या पाइपावरच, तापलेल्या एग्झॉस्टवर किंवा डिस्ट्रीब्यूटरवर पडू द्यायचं नाही. वाळलं की पुन्हा ओलं. बॉनेट उघडंच. आणि वाट बघायची.

ती पंचवीस मिनिटं मी विसरणार नाही. इंजिनचा आवाज गेला तसं जंगल बोलायला लागलं. लांब कुठे तरी धनेशाच्या पंखांचा मोठ्ठा आवाज आला. आणि मग वाटाड्याने हात वर केला. खालच्या वळणावर, आम्ही आलो त्याच वाटेने, गवे रस्ता ओलांडत होते. पुढे एक काळाभोर नर. असा नर हजार किलोपर्यंत भरतो म्हणतात. गुडघ्यापासून खाली पांढरे, जणू मोजे घातलेत. मागे माद्या, एक तांबूस वासरू. नराने थांबून आमच्या घोडमुख्या जीपकडे बघितलं. मुलींचा श्वासही ऐकू येईना. मग तो गेला, सगळे गेले, फांद्या हलत राहिल्या. चालत्या गाडीतून हे दिसलं नसतं. हे हळूच म्हणाले, "बघ, बंद पडली म्हणून." एवढं त्यांच्या तोंडून निघालं हेच पुष्कळ!

फडकं तिसऱ्यांदा वाळलं तेव्हा गळ्यात पुन्हा बघितलं. हाताने पंप मारायची दांडी त्या एसी पंपाला आहे, ती दहा-बारा वेळा मारली. ॲक्सिलरेटर ओढला. पिचकारी उडाली. चोक न ओढता स्टार्टर मारला आणि जीप सुरू झाली. पुढचा चढ यांनी दर दहा मिनिटांनी सावलीत थांबून काढला.

सावराईचा सडा म्हणजे आभाळाखाली पसरलेला जांभ्याचा ओटा. उन्हाळ्यात तिथे नाव घेण्यासारखं काही उगवत नाही. काळपट तांबडा खडक, पिवळं गवत, वारा. पावसाळ्यानंतर याच खडकावर फुलं येतात असं सांगतात. मामंजी उतरले, काठी टेकत दोनेकशे पावलं गेले आणि पाठमोरे उभे राहिले. मी मागे गेले नाही. परत आले तेव्हा भाकरी मागितली आणि दीड खाल्ली.

उतरताना काही त्रास झाला नाही. सोमवारी मी मिस्त्रींकडे जाऊन आले. पेट्रोलचा पाइप एग्झॉस्टला फारच खेटून नेला होता, तो त्यांनी चार बोटं लांब घेतला आणि कार्बोरेटरच्या बुडाशी बेकेलाइटचं जाड पॅकिंग घातलं, म्हणजे इंजिनची धग वर चढणार नाही. त्याचे वेगळे सहाशे. जाऊन-येऊन पेट्रोल लागलं पंचवीस लिटर. हे सगळं मी हिशेबाच्या वहीत लिहून ठेवलंय, जेटचा नंबरसुद्धा, किराण्याच्या यादीशेजारी.

इचलकरंजीचे गृहस्थ बुधवारी आले. इंजिन सुरू करून ऐकलं आणि आपणहून पाच हजार वाढवले. मामंजींनी विचारलं, "इंजिन हेच ठेवणार?" ते म्हणाले, "नाही बुवा, पेट्रोल परवडत नाही." मामंजी काही बोलले नाहीत. बोलले ते हे. "पासिंग पुढच्या वर्षी दिवाळीत संपतंय. तेव्हा बघू," म्हणाले आणि पाहुण्यांना चहा घ्यायचा आग्रह करायला लागले.